कंपन्याच म्हणाल्या, "आमच्यावर कर लावा": वॉशिंग्टन राज्यातल्या सरकारी विद्यापीठांचा पैसा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यू-रेडमंडमधल्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पंगतीत) आणि पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांच्या फोनवर तेच ते प्रश्न फिरून येतात. "मायक्रोसॉफ्टने म्हणे स्वतःहून कर मागून घेतला, खरं का?" इथपासून "मग आमच्या मुलीची फी का कमी झाली नाही?" इथपर्यंत. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. हा विषय वॉशिंग्टन राज्याचा आहे, म्हणजे सिअ‍ॅटलच्या. राजधानी वॉशिंग्टन डीसीचा नाही. हाही दर आठवड्याला येणारा प्रश्न आहे, म्हणून इथेच सांगून टाकते.

१. नेमकं झालं काय? थोडक्यात सांगाल का?

मार्च २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ आणि युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या तत्कालीन अध्यक्ष आना मारी काउसे यांनी 'सिअ‍ॅटल टाइम्स'मध्ये मिळून एक लेख लिहिला. कुशल मनुष्यबळावर चालणाऱ्या उद्योगांकडून जास्त कर घ्या, सर्वांत मोठ्या टेक कंपन्यांकडून त्याहून जास्त घ्या आणि तो पैसा उच्च शिक्षणाला द्या, अशी त्यांची मागणी होती. आमदार ड्रू हॅन्सन यांनी त्या धर्तीवर विधेयक आणलं, एप्रिलअखेर ते मंजूर झालं आणि मे महिन्यात गव्हर्नर जे इन्स्ली यांनी सही केली. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल नव्हेत. अधिकारांच्या हिशेबात मुख्यमंत्री समजा.)

२. 'सरकारी' विद्यापीठ म्हणजे फुकट का?

नाही. राज्यात सहा सरकारी चार-वर्षीय संस्था आहेत. त्यांत सिअ‍ॅटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी ही दोन मोठी. त्याखेरीज ३४ कम्युनिटी आणि टेक्निकल कॉलेजं आहेत, मुख्यतः दोन वर्षांच्या पदव्या आणि प्रमाणपत्रं देणारी. शिकवण्याचा खर्च दोघं मिळून उचलतात, विद्यार्थी फीमधून आणि राज्य अनुदानातून. एकाने हात आखडता घेतला की दुसऱ्याच्या खिशाला कात्री. राज्यातल्या रहिवाशाला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये २०२४-२५ साली वर्षाला सुमारे १३ हजार डॉलर फी होती. बाहेरच्याला सुमारे ४३ हजार. हा मधला फरक लक्षात ठेवा, प्रश्न १२ मध्ये तो लागणार आहे.

३. श्रीमंत राज्य आहे, मग विद्यापीठांचे पैसे कापले कशाला?

२००८ च्या मंदीत राज्याचं उत्पन्न घसरलं. कुठे कापायचं हा प्रश्न आला तेव्हा हात विद्यापीठांवर पडला, आणि त्याचं कारण राज्यघटनेत आहे. वॉशिंग्टनच्या घटनेत शालेय शिक्षण हे राज्याचं सर्वश्रेष्ठ कर्तव्य म्हटलं आहे. उच्च शिक्षणाला असं कवच नाही. शिवाय शाळेला फी नसते आणि विद्यापीठाला असते, त्यामुळे आमदारांना वाटतं की विद्यापीठ आपलं आपण बघून घेईल.

त्याने बघून घेतलंही, विद्यार्थ्यांच्या खिशातून. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनची रहिवासी फी २००९ पासून लागोपाठ चार वर्षं १४, १४, २० आणि १६ टक्क्यांनी वाढली. गुणाकार करून पाहा, चार वर्षांत जवळजवळ ८० टक्के. त्या वर्षी मोठ्या मुलाला प्रवेश मिळालेला आणि चार वर्षांनी धाकटीला मिळालेला, अशा घरांत बिलं शेजारी शेजारी ठेवून बघायची सोय होती.

त्यातच २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅक्लिअरी खटल्यात निकाल दिला की सरकार शाळांनाही पुरेसा पैसा देत नाही. पुढे सरकार ऐकेना म्हणून २०१५ मध्ये न्यायालयाने दिवसाला एक लाख डॉलर दंड लावला. नवा पैसा साहजिकच शाळांकडे वळला. २०१५ मध्ये विधिमंडळाने सरकारी विद्यापीठांची फी चक्क कमी केली, हेही सांगायला हवं. पण अनुदानाची घडी काही पुरती बसली नव्हती.

४. कंपन्यांना एवढा पुळका का? स्वार्थच असणार ना?

हो, स्वार्थच. तो त्यांनी लपवलेलाही नाही, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. रेडमंडमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात, माणसं हवी असतात आणि राज्यातून पुरेशी तयार होत नाहीत. बाहेरून आणायची तर एच-१बीचा, म्हणजे परदेशी कुशल कर्मचाऱ्यांच्या व्हिसाचा, वार्षिक कोटा ८५ हजारांचा, तोही सबंध देशासाठी आणि वर लॉटरी. आपल्यातल्या अर्ध्या लोकांनी त्या लॉटरीच्या निकालाची रात्र जागून काढली आहे. कंपनीच्या बाजूनेही ती जुगाराचीच रात्र असते.

दुसरं, एवढी एकच गरज नाही. मायक्रोसॉफ्टच्या कर्मचाऱ्याला दवाखान्यात नर्स लागते, मुलांना शिक्षक लागतो, गाडीला मेकॅनिक लागतो. ही माणसं कम्युनिटी कॉलेजांतून येतात. राज्यातल्या मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांची 'वॉशिंग्टन राउंडटेबल' ही संघटना १९८३ पासून आहे. २०३० पर्यंत राज्यातल्या ७० टक्के मुलांनी हायस्कूलनंतर काही ना काही पदवी, पदविका किंवा प्रमाणपत्र मिळवावं, असं उद्दिष्ट तिने ठेवलं. त्यात वेल्डिंगचं प्रमाणपत्रही धरलं आहे, ही मला त्यातली शहाणपणाची गोष्ट वाटते.

तिसरं कारण कमी बोललं जातं. कर येणारच असेल तर त्याचा आराखडा आपण मांडलेला बरा. प्रश्न ६ मधली 'कमाल मर्यादा' वाचा म्हणजे कळेल.

५. पॉल अ‍ॅलन, गेट्स, अमेझॉन सगळे देणग्या देतातच की. मग कर कशाला?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून उत्तर जरा लांब.

देणगीतून इमारत उभी राहते. तिच्यात शिकवणाऱ्याचा पगार दर महिन्याला लागतो, आणि तो महिना दरवर्षी बारा वेळा येतो. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संगणकशास्त्र विभागाला २०१७ मध्ये पॉल अ‍ॅलन यांचं नाव मिळालं, सोबत त्यांचे चार कोटी आणि मायक्रोसॉफ्टचे एक कोटी डॉलर आले. २०१९ मध्ये बिल आणि मेलिंडा गेट्स यांच्या नावाची दुसरी इमारत उघडली. तिच्यात अमेझॉनचाही एक कोटीचा वाटा होता. राज्याचाही पैसा होता, फक्त भिंतीवर राज्याचं नाव कुणी लावत नाही. पण नुसत्या इमारतीने विद्यार्थ्यांच्या जागा वाढत नाहीत. जागा वाढवायच्या तर प्राध्यापक, सहायक, प्रयोगशाळा हा सगळा आवर्ती खर्च, आणि तो येतो अनुदानातून.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला आणि आजही फोर्टमध्ये दिमाखात उभा आहे. पण विद्यापीठ चालवायला दरवर्षी लागणारा पैसा मनोऱ्यातून पडत नाही. जमशेटजी टाटांना हे नेमकं उमगलं होतं. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेसाठी त्यांनी स्वतःची मालमत्ता देऊ केली, म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली, आणि सरकारचं वार्षिक अनुदान हा त्या योजनेचा तिसरा पाय होता. सरकारशी घासाघीस करण्यात वर्षं गेली. जमशेटजी १९०४ मध्ये वारले, संस्था स्थापन झाली १९०९ मध्ये. तरी अनुदानाशिवाय सुरू करून टाकू असं कुणी म्हटलं नाही.

अजून एक फरक. देणगी कुठे द्यायची हे देणारा ठरवतो, म्हणून ती संगणकशास्त्राकडे धावते. याकिमाच्या कम्युनिटी कॉलेजातल्या नर्सिंगच्या शिक्षिकेचा पगार वाढावा म्हणून कुणी आपल्या नावाची पाटी मागत नाही. तिथे करच पोचतो.

६. २०१९ च्या कायद्यात कोणावर किती कर होता?

आधी मूळ कर समजून घ्या. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा पगारावर राज्याचा आयकर नव्हता. धंद्यांवर 'बी अँड ओ' नावाचा कर आहे. तो नफ्यावर नसून उलाढालीवर असतो. वर्षभर तोटा झाला तरी भरावाच लागतो. सेवाक्षेत्राचा दर दीड टक्का होता.

नव्या कायद्याने चाळीसहून अधिक प्रकारच्या सेवा-व्यवसायांवर या कराच्या २० टक्के अधिभार लावला. म्हणजे दीडाचे १.८ टक्के झाले. जगभरची उलाढाल २५ अब्ज डॉलरच्या वर असलेल्या 'प्रगत संगणन' कंपन्यांना २ टक्के, १०० अब्जांच्या वरच्यांना २.५ टक्के. शेवटच्या टप्प्यात मायक्रोसॉफ्ट आणि अमेझॉन यांच्यासारखे महाकाय येतात. पण या बड्या कंपन्यांच्या अधिभाराला वर्षाला ७० लाख डॉलरची कमाल मर्यादा होती. एवढ्या मोठ्या कंपनीला ७० लाख म्हणजे काय, हे तुम्हीच ठरवा.

७. मग २०२० मध्ये लगेच कायदा का बदलला?

कारण तो भरणाऱ्यालाही कळेना आणि वसूल करणाऱ्यालाही. कोणता व्यवसाय यादीत, कोणता नाही, यावर खल सुरू झाला. अंदाजाइतका पैसाही जमेना. फेब्रुवारी २०२० मध्ये सगळं सोपं केलं. आधीच्या वर्षी १० लाख डॉलर किंवा जास्त उलाढाल असलेल्या सेवा-व्यवसायांना सरसकट १.७५ टक्के, त्याखालच्यांना जुनाच दीड टक्का. बड्या संगणन कंपन्यांना त्याखेरीज उलाढालीवर १.२२ टक्के अधिभार, कमाल मर्यादा वर्षाला ९० लाख डॉलर. २०२५ च्या बदलांसाठी प्रश्न १८ पाहा.

८. मी अमेझॉनमध्ये नोकरी करतो. हा कर माझ्या पगारातून कापतात का?

नाही. हा कर कंपनीच्या उलाढालीवर आहे. तुमच्या पे-स्लिपवर दिसतात त्या कपाती वेगळ्या.

९. आमची दोघांचीच कन्सल्टिंगची एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) आहे. आम्हाला लागू आहे का?

बी अँड ओ कर लागू आहेच, वाढीव दर बहुधा नाही. तुमची वर्षाची उलाढाल १० लाख डॉलरच्या खाली असेल तर दर जुनाच. समजा उलाढाल २० लाख आहे. दीड टक्क्याने ३० हजार भरले असते, १.७५ ने ३५ हजार भराल. पाच हजारांचा फरक. हे आकडे उलाढालीचे आहेत, नफ्याचे नाहीत, हे पुन्हा सांगते, कारण इथे भारतातून आलेला प्रत्येक नवा धंदेवाला एकदा तरी फसतो.

१०. जमा झालेला पैसा जातो कुठे?

त्यासाठी राज्याच्या तिजोरीत वेगळं खातं उघडलं आहे. सर्वांत मोठा खर्च 'वॉशिंग्टन कॉलेज ग्रँट'चा. आधीच्या शिष्यवृत्तीत पैसे संपले की यादी बंद व्हायची. निकषात बसूनही दरवर्षी हजारो विद्यार्थी हात हलवत परतायचे. नव्या कायद्याने हमी दिली, की पात्र असाल तर मिळणारच. कायदा आला तेव्हाच्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाचं उत्पन्न ५० हजार डॉलरपर्यंत असेल तर पूर्ण रक्कम, आणि पुढे ९२ हजारांपर्यंत उतरत्या क्रमाने. या मर्यादा नंतर बदलत गेल्या आहेत, अर्ज करताना त्या वर्षीचा तक्ता बघा.

बाकीचा पैसा कम्युनिटी कॉलेजांतल्या नर्सिंग आणि इतर मागणी असलेल्या विषयांच्या शिक्षकांचे पगार, संगणकशास्त्रासारख्या विषयांतल्या वाढीव जागा, विद्यार्थ्याला वाट चुकू न देणारं मार्गदर्शन अशा कामांना. ही ग्रँट अप्रेंटिसशिपलाही मिळते, हे आपल्या लोकांना कमी माहीत असतं. इलेक्ट्रिशियन होणाऱ्या मुलालाही अर्ज करता येतो. पॉटलकमध्ये हे सांगितलं की आया माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात.

११. सरकार एका हाताने देणार आणि दुसऱ्या हाताने काढून घेणार, असं होत नाही का?

होऊ शकतं. राखीव कराचा हा जुनाच आजार आहे. नव्या खात्यातून शंभर रुपये आले की अर्थखातं सर्वसाधारण निधीतले शंभर गुपचूप दुसरीकडे वळवतं. कागदावर कराचा प्रत्येक पैसा शिक्षणालाच गेलेला असतो आणि विद्यापीठ होतं तिथेच राहतं. अमेरिकेत कितीतरी राज्यांनी लॉटरीचा पैसा शिक्षणाला म्हणून मांडला, त्यावर हीच टीका होत आली आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना व्यवसाय कर आठवेल. १९७५ चा हा कायदा रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला आला. तिथे खुबी अशी होती की जमलेल्या कराइतकीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. 'तुमच्या शंभरावर माझे शंभर' असं कायद्यातच लिहिलं की पळवाट अरुंद होते.

वॉशिंग्टनमध्ये खात्यावर देखरेख करायला मंडळ आहे. त्यात आमदार, उद्योगांचे, कामगारांचे, संस्थांचे आणि विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी बसतात. पण अर्थसंकल्प लिहिणार विधिमंडळच. मंडळ फार तर आरडाओरडा करू शकतं. म्हणून नुसत्या खात्याचा आकडा पाहू नका. विद्यापीठाला सगळ्या खात्यांतून मिळून किती आले, ते मागच्या वेळेशी ताडून पाहा.

१२. मुलगी एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहे. तिला यातलं काय मिळेल?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, फी आणि मदत.

फीसाठी एच-१बी किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावरच्या आईवडिलांची मुलं राज्याचे रहिवासी म्हणून सिद्ध होऊ शकतात. इथे किमान १२ महिने स्थायिक असल्याचे पुरावे लागतात. म्हणजे ४३ हजारांऐवजी १३ हजार. आपल्या बहुतेक घरांसाठी राज्याच्या अनुदानाचा खरा लाभ हाच असतो, शिष्यवृत्ती नव्हे.

मदतीसाठी, केंद्र सरकारचा फॅफ्सा हा आर्थिक मदतीचा अर्ज एच-४ ला चालत नाही. ज्यांना तो भरता येत नाही त्यांच्यासाठी राज्याचा वास्फा अर्ज आहे. मात्र उत्पन्नाची अट तीच, आणि एक जण जरी टेकमध्ये असेल तरी बहुतेक घरं तिच्या वर जातात.

आता काटा. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि मूल बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातं. निवास सिद्ध करू देणाऱ्या व्हिसांच्या यादीत एफ-१ नाही. इथल्या हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेल्यांसाठी वेगळी तरतूद आहे, पण तिची कागदपत्रं वेगळी. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर विसाव्या वाढदिवसाचा केक कापून झाला की विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला भेटा. एकविसाव्याची वाट बघू नका.

१३. 'वॉशिंग्टन स्टेट ऑपॉर्च्युनिटी स्कॉलरशिप' म्हणजे हीच ग्रँट का?

नाही, ती याआधीची. २०१० मध्ये गव्हर्नर क्रिस्टीन ग्रेगॉयर यांनी उच्च शिक्षणाच्या निधीसाठी कार्यगट नेमला. त्याचे प्रमुख ब्रॅड स्मिथच होते. त्यातून २०११ मध्ये ही शिष्यवृत्ती निघाली. मायक्रोसॉफ्ट आणि बोइंग यांनी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर देऊ केले, आणि खासगी प्रत्येक डॉलरमागे राज्याने एक डॉलर घालायचा असं ठरलं. विज्ञान, तंत्रज्ञान आणि आरोग्य या विषयांसाठी ती आहे. उत्पन्नाची मर्यादा राज्याच्या मध्यम कौटुंबिक उत्पन्नाच्या १२५ टक्के, म्हणजे ग्रँटपेक्षा सैल. ग्रँटमधून नाव गळलं म्हणून हीही सोडून देऊ नका.

१४. एच-१बीच्या फीमधून अमेरिकन मुलांना शिष्यवृत्ती मिळते, असं ऐकलं. थापा ना?

खरं आहे. एच-१बी अर्जासोबत मालकाला प्रशिक्षण शुल्क भरावं लागतं, १,५०० डॉलर, छोट्या कंपनीला ७५०. याचं मूळ १९९८ च्या केंद्रीय कायद्यात आहे. त्यातला काही भाग नॅशनल सायन्स फाउंडेशनमार्फत गरजू विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञान शिष्यवृत्तीला जातो. हे शुल्क कर्मचाऱ्याकडून वसूल करायला बंदी आहे. तुमच्याकडून कुणी 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली मागितलं तर ते बेकायदा.

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये याच कल्पनेचा मोठा अवतार मांडला होता. २० हजार जादा एच-१बी द्या, प्रत्येकी १० हजार डॉलर घ्या आणि पैसा देशभरच्या विज्ञान शिक्षणात घाला. अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ते काही केलं नाही. २०१९ चा राज्य कायदा मला त्या फसलेल्या प्रस्तावाचा धाकटा भाऊ वाटतो.

१५. बोइंगने तर अब्जावधींची करसवलत घेतली. शिक्षणाला पाठिंबा हे ढोंग नाही का?

प्रश्न बोचरा आहे, पण रास्त. २०१३ मध्ये वॉशिंग्टनने विमान उद्योगाला २०४० पर्यंतच्या करसवलती दिल्या. त्यांची किंमत ८.७ अब्ज डॉलर धरली होती. तोवर अमेरिकेत कुठल्याही राज्याने एवढी मोठी करसवलत दिली नव्हती. म्हणजे त्याच उद्योगाने एका टेबलावर शिष्यवृत्तीचा धनादेश दिला आणि दुसऱ्या टेबलावर तिजोरीचं येणं कमी करून घेतलं. (त्यातली मुख्य सवलत, कराचा कमी दर, २०२० मध्ये काढून टाकली. जागतिक व्यापार संघटनेतल्या युरोपशी चाललेल्या वादामुळे बोइंगलाच ती नकोशी झाली होती.)

माझं मत सांगायचं तर ढोंग म्हणण्यापेक्षा वजाबाकी करावी. कंपनीने शिक्षणाला किती दिलं याची बातमी येते, सवलतीत किती घेतलं हे अहवालाच्या पोटात असतं. दोन्ही आकडे एका कागदावर मांडा.

१६. सगळे उद्योग या कराच्या बाजूने होते का?

अजिबात नाही. मोठ्यांनी होकार दिला आणि बिल वास्तुविशारद, हिशेबनीस, डॉक्टरांच्या दवाखान्यांनाही आलं. 'मायक्रोसॉफ्टला इंजिनिअर हवेत, तर माझ्या क्लिनिकने का भरायचं?' ही तक्रार तेव्हा खूप ऐकू यायची. २०२० च्या बदलात दहा लाखांखालच्यांना आणि रुग्णालयांना जुना दर राहिला, तो उगाच नव्हे.

दुसऱ्या राज्यांत तर चित्र वेगळंच. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२२ मध्ये दहा लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के जादा कर लावून शिक्षण आणि वाहतुकीला द्यायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. तिथल्या मोठ्या उद्योग संघटना विरोधात होत्या, मतदारांनी तो तरीही मंजूर केला. व्हर्जिनियात १९९४ पासून उद्योगपती आणि विद्यापीठप्रमुख यांची एकत्र परिषद आहे. ती अनुदान वाढवा म्हणून आमदारांच्या मागे असते, पण आमच्यावरच कर लावा असं सहसा म्हणत नाही. पाठिंबा म्हणजे काय, हे त्यामुळे दर वेळी विचारून घ्यावं लागतं. 'सरकारने खर्च करावा' म्हणणारे पुष्कळ, 'बिल आम्हाला पाठवा' म्हणणारे थोडे.

१७. महाराष्ट्रात असं का होत नाही?

निम्मं उत्तर कायद्यात आहे. सेवांवर अशा पद्धतीने उलाढाल कर लावायची मोकळीक आपल्या राज्यांना नाही, तो प्रांत आता जीएसटीचा. व्यवसाय कराला घटनेनेच वर्षाला माणशी अडीच हजार रुपयांची मर्यादा घातली आहे, ती १९८८ च्या दुरुस्तीपासून तशीच. प्राप्तिकरावरचा ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर केंद्राकडे जातो.

कंपन्यांचा पैसा येतो तो सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या सक्तीच्या खर्चातून. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांतलं एक असलं की तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. सरकारी विद्यापीठांतल्या विज्ञान-तंत्रज्ञान संशोधनाला दिलेला पैसाही त्यात धरतात. पण सीएसआर कुठे द्यायचा हे कंपनी ठरवते, त्यामुळे प्रश्न ५ मधली देणगीची सगळी दुखणी त्यालाही आहेत. त्यातून स्मार्ट क्लासरूम होते. वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या प्राध्यापकांच्या जागा त्यातून भरत नाहीत, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्याचं मानधन वाढत नाही.

उरलेलं निम्मं उत्तर सवयीचं. आपल्याकडे उद्योजक स्वतःचं कॉलेज काढतो. शेजारच्या सरकारी कॉलेजला अनुदान वाढवून द्या म्हणून मंत्रालयात खेटे घालणारा उद्योजक मला तरी भेटलेला नाही.

१८. २०२५ मध्ये कर एवढा वाढला. आता कंपन्या काय म्हणणार?

२०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पाला खिंडार पडलं आणि विधिमंडळाने बड्या संगणन कंपन्यांचा अधिभार १.२२ वरून ७.५ टक्के केला. कमाल मर्यादा ९० लाखांवरून साडेसात कोटी डॉलर. लागू १ जानेवारी २०२६ पासून. शिवाय ५० लाखांवर उलाढाल असलेल्या सेवा-व्यवसायांचा दर ऑक्टोबर २०२५ पासून २.१ टक्के.

एकदा दार उघडलं की पाहुणा किती आत येईल हे यजमानाच्या हातात राहत नाही. २०१९ च्या कायद्यात करासोबत मर्यादाही होती. सहा वर्षांत ती दहापटींच्या वर गेली. मला मोठ्या कंपन्यांची फार कणव येत नाही, पण मोजक्याच कंपन्यांच्या अधिभारावर विद्यार्थ्यांची हमी उभी करणं मात्र धास्तीचं वाटतं. त्यांतल्या एकीने जरी काम दुसऱ्या राज्यात हलवलं तरी खात्यात खड्डा पडेल, आणि हमी कायद्यातून दिलेली असल्यामुळे तो भरायचा कुणी ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

१९. आम्ही नागरिक नाही, मत देता येत नाही. आमचं कोण ऐकणार?

मत देता येत नाही, साक्ष देता येते. विधेयक समितीपुढे आलं की विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन 'बाजूने' किंवा 'विरोधात' अशी नोंद करता येते, लेखी म्हणणं देता येतं, आणि राज्याच्या राजधानीला, ऑलिंपियाला, न जाता घरून व्हिडिओवर बोलता येतं. नागरिकत्वाची अट नाही. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी ६०. दोन वर्षांचा मुख्य अर्थसंकल्प विषम वर्षी होतो. बोलायला जेमतेम एक-दोन मिनिटं मिळतात, तेव्हा प्रस्तावना घरीच ठेवा. विधेयकाचा क्रमांक सांगा, बाजूने की विरोधात ते सांगा, मग मुलीच्या फीचं बिल वाचून दाखवा.